धाकटीचा हात

धाकटी इस्पितळातून घरी आली त्या दुपारी थोरली गोठ्यातून स्वयंपाकघरात शिरली, तर तिथला टेबलफॅन जागेवर नव्हता. ऐन उन्हाळा. वरचा पत्रा असा तापलेला की खाली उभं राहिलं तर टाळू भाजून निघावी. तिनं शेगडी पेटवली आणि आवाज दिला, "पंखा कुठं गेला गं?"

"काकूच्या खोलीत," तिच्या मुलीनं आतून सांगितलं. "बाबांनीच नेऊन लावला."

बोलण्यासारखं होतंच काय? बाई मरणाच्या दारातून परत आलेली. एक छाती काढून टाकलेली, काखेतल्या गाठी काढलेल्या, मग औषधाच्या बाटल्या, मग किरणांचा शेक. डोक्यावर एक केस उरला नव्हता. तिला वारा नाही घालायचा तर कुणाला घालायचा? थोरलीनं कपाळाचा घाम मनगटानं टिपला आणि भात चढवला. पण पाणी उकळेपर्यंत तिच्या मनात येऊन गेलंच, की हा पंखा या घरात आला तोसुद्धा धाकटीनं हट्ट धरला म्हणून. आपण इतकी वर्षं याच पत्र्याखाली शिजत होतो, तेव्हा कुणाला उकडलं नव्हतं.

घर दोन भावांचं. थोरला चारापाणी बघायचा, धाकटा टेम्पोतून दूध डेअरीला पोचवायचा. गोठा मात्र दोघी जावांचा. शेण, आंबोण, गायी धुणं, धार काढणं, सगळं दोघींनी वाटून घेतलेलं. त्यात धाकटीचा हात गायींना मानवलेला. तिनं कासेला हात लावला की गाय पान्हा सोडायची. एक तांबडी गाय होती, लाथाडी. ते नाव तिला उगीच पडलं नव्हतं. धाकटीखेरीज ती कुणाला जवळ उभं करायची नाही. "हिच्या हाताला जोर आहे, पण गोडी नाही," असं थोरला एकदा बायकोबद्दल सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता. हसत म्हटलेलं थोरली विसरत नसे.

आता लाथाडीसकट सगळा गोठा तिच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. सकाळची धार उरकून ती उठायची तेव्हा कंबर सरळ व्हायला वेळ लागायचा. बोटं अशी आखडायची की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. शेणात आणि पाण्यात राहून तळव्यांना भेगा पडल्या होत्या, त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. लाथाडीच्या मागच्या पायांना दोरी बांधून, तिला शिव्या घालत, तिच्याकडून कसंबसं अर्धी बादली दूध निघायचं.

"आज पण एवढंच?" धाकटा बादलीत वाकून विचारायचा. वाईट बोलायचा नाही तो, नुसतं विचारायचा. तेच जास्त लागायचं.

धाकटी घरी आली आणि आठवड्याभरात एक बाई आली. शहरातल्या इस्पितळाच्या मागं कॅन्सरच्या रुग्णांसाठी एक आधार केंद्र होतं, तिथली. रुग्ण घरी गेला की मागोमाग घरी जाऊन त्याची चौकशी करायची, हे तिचं काम. खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. तिच्यातून काय काय निघायचं: डोक्याला बांधायचे मऊ रुमाल, काखेत धरायची छोटी उशी, मलमाच्या नळ्या. घरात तिचं नाव पिशवीवालीच पडलं.

ती आली की घर गोळा व्हायचं. थोरला, जो सोयरा आला तरी जागचा हलत नसे, त्यानं स्वतः खुर्ची आणून ठेवली. मुलगी पाणी घेऊन आली. थोरली दारातच उभी राहिली, कारण हात शेणानं भरलेले होते.

पिशवीवालीनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, झोप लागते का, जेवण जातं का, मनात काय येतं, सगळं विचारलं. मग दाराकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही कशा आहात, वहिनी? घरच्यांचीही ओढाताण होते हो."

तिचा एक हात पिशवीत कोपरापर्यंत गेलेला होता. थोरलीनं तोंड उघडलं. मूठ मिटत नाही, कंबर धरते, पहाटे उठावंसं वाटत नाही, असं पुष्कळ होतं.

"मी..." ती म्हणाली.

"हां, सापडली!" पिशवीवालीनं मलमाची नळी बाहेर काढली.

"बरी आहे," थोरली म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

परत आली तेव्हा पिशवीवाली मुलीला शिकवत होती. काखेतल्या गाठी काढल्या की हातात पाणी साठतं, हात सुजतो. म्हणून रोज हलक्या हातानं त्याला वरून चोळायचं, आधी खांद्याकडून, मग दंड, मग कोपर, मग खाली. आणि या हाताला ओरखडा म्हणून होऊ द्यायचा नाही. सुई नाही, चटका नाही, काटा नाही.

"म्हणजे धार?" धाकटीनं विचारलं.

"सध्या तरी नाही. पुढचं डॉक्टर सांगतील. पण शिंगं, साखळ्या, लाथा... नकोच ते."

धाकटीनं मान खाली घातली. पिशवीवालीनं तिचा हात हातात घेतला. थोरलीनं ते बघितलं. तिच्या हाताला असं कुणी कधी धरून बसलं होतं, हे तिला आठवेना.

त्या दिवसापासून संध्याकाळी जेवणाआधी मुलगी काकूजवळ बसायची. मांडीवर उशी, उशीवर काकूचा उजवा हात. बोटं अशी फिरवायची जशी तान्ह्या पोराच्या गालावरून फिरवावी. दोघींच्या गप्पा चालायच्या. कॉलेजातल्या कुठल्याशा मास्तरची नक्कल करून मुलगी काकूला हसवायची. ती नक्कल तिनं आईला कधी करून दाखवली नव्हती.

एकदा थोरली धार उरकून आत आली आणि भिंतीला पाठ टेकून त्यांच्याशेजारीच बसली. म्हणाली, "झालं की माझेही खांदे दाब जरा. आज उचलत नाहीयेत."

"आई, हे दाबणं नसतं," मुलगी हसली. "याला पद्धत आहे. शिकवलंय तसंच करावं लागतं."

"मग मला तसंच कर."

"तुला कशाला? तुझ्या काय गाठी काढल्यात?"

तिनं ते चेष्टेनं म्हटलं. धाकटीसुद्धा हसली. थोरली उठली, ओट्याशी जाऊन भांडी वाजवत राहिली. कुणी विचारलं नाही, काय झालं म्हणून. भांडी तर ती रोजच वाजवायची.

केंद्रात महिन्याची बैठक असायची. बरे होत आलेले, उपचार चालू असलेले, सगळे तिथं जमायचे. धाकटी पहिल्यांदा निघाली तेव्हा रडवेली होती, टकलावर रुमाल बांधून लोकांत कशी जाऊ म्हणून. धाकट्यानं टेम्पोत पुढच्या सीटवर गादी घातली, सोबतीला पोरगी गेली. थोरली मागं राहिली. गायी बैठकीला थोड्याच जातात.

दिवसभर ऊन नुसती आग ओकत होतं. थोरल्याबरोबर तिनं चारा तोडला, यंत्रात घातला, कुटी डोक्यावरून गव्हाणीत टाकली. कुटीची कुसळं मानेवर चिकटून खाजत होती. लाथाडीनं संध्याकाळी बादली उलटवली आणि सगळं दूध जमिनीनं प्यायलं. त्याच वेळी टेम्पोचा भोंगा वाजला आणि हसणं ऐकू आलं.

धाकटी उतरली ती वेगळीच. डोक्याला निळा फुलाफुलांचा रुमाल, तोही एका बाजूला गाठ मारून, ऐटीत. जेवताना तिचं तोंड थांबेना. तिथं एक बसकंडक्टर बाई आहे, दोन्ही छात्या काढल्यात, तरी शिट्टी मारून सगळ्यांना जागेवर बसवते. एक शिंपी आहे, घशाचा. बोलता येत नाही, पण खुणांनी असे विनोद करतो की पोट दुखतं.

"आणि मग सगळ्यांनी उभं राहून सांगायचं होतं," मुलगी म्हणाली, "की आजारपणात मला कुणी सांभाळलं. काकू इतकी छान बोलली! सगळे टाळ्या वाजवत होते."

"काय बोललीस गं?" थोरल्यानं कौतुकानं विचारलं.

"काही नाही हो भाऊजी. यांचं नाव घेतलं, तुमचं घेतलं, पोरीचं घेतलं. पोरीच्या नावाला तर रडूच आलं मला."

थोरली वाढत होती. तिच्या हातात डाव होता. ती वाट बघत राहिली, आता पुढचं नाव येईल म्हणून. धाकटीनं पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा त्या शिंप्याची गोष्ट सुरू केली. थोरलीनं डाव पातेल्यात ठेवला. "भात घेणार का कुणी?" ती म्हणाली. सगळ्यांनी ताटं पुढं केली.

त्या दिवसापासून तिच्या आत काहीतरी करपत राहिलं. धाकटीच्या खोलीसमोरून जाताना ती बघायची: पंखा, खुर्ची, उशाशी फळं, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. हात रोज किती वर जातो त्याच्या त्या खुणा. खूण एक बोटभर वर सरकली की थोरला बाहेरून येऊन बघून जायचा, जणू पोराची उंची वाढतेय. थोरलीला वाटायचं, आपल्यालाही असं काहीतरी व्हावं. फार नाही, पण दिसेल असं काहीतरी. लगेच तिचं तिलाच भ्यायला व्हायचं आणि ती तोंडावर हात मारून घ्यायची. पण पुन्हा वाटायचंच.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, घरात दोघीच. पुरुषमाणसं बाहेर, पोरगी कॉलेजला. लाथाडीनं सकाळी मांडीवर अशी लाथ घातली होती की काळंनिळं झालं होतं. थोरली पायरीवर बसून तिथं तेल लावत होती आणि शेजारी चहा ठेवला होता. पिशवीवाली फाटकातून आत आली. घामाघूम झाली होती. तिनं थोरलीच्या उघड्या मांडीकडं बघितलं नाही, चहाकडं बघितलं नाही, सरळ दाराकडं बघितलं.

"आहेत ना आत?"

"नाही," थोरली म्हणाली.

शब्द निघून गेला. तो कुठून आला ते तिलाच कळलं नाही.

"नाहीत? फिरायला वगैरे गेल्यात?"

"माहेरी गेलीय. दोन-चार दिवस. तिकडं फोनही लागत नाही."

पिशवीवाली घोटाळली. आत कुठंतरी खाट करकरली. तिनं दाराकडं एकवार बघितलं, मग म्हणाली, "बरं. मग एवढा निरोप द्याल? मागच्या खेपेला बघितलं मी, त्यांच्या हाताला सूज चढायला लागलीय. घट्ट बाही घालावी लागेल, मापाची. माप घेणारा माणूस केंद्रात महिन्यातनं एकदाच येतो, या गुरुवारी. चुकवू नका म्हणावं."

"सांगते," थोरली म्हणाली.

फाटक लागल्याचा आवाज झाला. चहा निवला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला. छातीत धडधडत होतं आणि त्या धडधडीत कुठंतरी गोडही वाटत होतं.

गुरुवार आला. सकाळपासून तिच्या जिभेच्या टोकावर ते होतं. अजून टेम्पो निघाला नाही, अजून सांगता येईल. टेम्पो निघाला. अजून बस आहे. बसही गेली. संध्याकाळी धाकटी म्हणाली, "या वेळी पिशवीवाली ताई कशा आल्या नाहीत? विसरल्या वाटतं मला." आणि तिनं डाव्या हातानं उजवा दंड चाचपून बघितला. थोरली गव्हाण झाडायला निघून गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी नवलच घडलं. थोरली लाथाडीखाली बसली आणि शिव्या घालायचंही बळ तिच्यात नव्हतं. तिनं नुसतं कपाळ गायीच्या पोटाला टेकवलं आणि गप्प बसून राहिली. गायीचा श्वास वरखाली होत होता. आणि काय झालं कुणास ठाऊक, लाथाडीनं पान्हा सोडला. कास ताठरली, सड भरले, बादलीत अशी धार वाजायला लागली की धाकटा बाहेरून धावत आला.

"वहिनी! अहो काय केलंत काय!"

जेवताना थोरलीनं ते तीनदा सांगितलं. पहिल्यांदा धाकट्यानं विचारलं म्हणून, पुढच्या दोन्ही वेळा कुणी न विचारता. "म्हटलं, कुणाच्या हातात गोडी असते आणि कुणाच्या नसते, हे गायीलाच विचारावं," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. सगळे हसले. धाकटी ताटातला घास चिवडत होती. "भूक नाही," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी थोरली चाऱ्याचा भारा घेऊन रानातून आली तेव्हा गोठ्यातून आवाज येत होता. धाकटी लाथाडीखाली बसली होती. रुमाल सुटून गळ्यात आला होता, डोक्यावर नव्या केसांची काळी लव दिसत होती. डावा हात चालत होता, उजवा कसाबसा. बादलीत तळ झाकेल एवढं दूध.

"अगं! तुला नको म्हटलंय ना!"

धाकटी दचकली. गायही दचकली. साखळी खणकन वाजली आणि धाकटीच्या उजव्या हातावरून खरडत गेली. फार नाही, मनगटाच्या वर एक लांबट ओरखडा, त्यावर रक्ताचे बारीक मणी.

"कुणाला सांगू नका जाऊबाई," धाकटी उठत म्हणाली. "एवढंसं आहे."

थोरलीनं सांगितलं नाही. न सांगण्याची तिला आता सवय लागली होती.

सकाळी हात कोपरापर्यंत लाल झाला होता. दुपारी तो तव्यासारखा तापला, फुगून दुप्पट झाला, आणि धाकटी थंडीनं कुडकुडायला लागली. भर उन्हाळ्यात तिच्यावर घरातली सगळी पांघरुणं घातली तरी तिचे दात वाजत होते. टेम्पोत गादी घालून तिला इस्पितळात नेलं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच चालतं म्हणाले. मुलगी निघाली होती, पण तिची परीक्षा तोंडावर. थोरला म्हणाला, "तू जा. गोठ्याचं आम्ही बघू."

"तुम्ही?" थोरली म्हणाली.

"का? आम्हाला हात नाहीत?"

हात होते. पण दुसऱ्याच दिवशी धाकट्याचा फोन आला, लाथाडीनं दादाला शेणात बसवलं, डेअरीची वेळ चुकली, आणि आंबोणात काय काय घालायचं ते सांगा. थोरलीनं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं, सावकाश, एकेक करून. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की फोन ठेवल्यावर आत पडलेली बाई आठवून तिला स्वतःची किळस आली.

धाकटीचा हात उशांवर उंच ठेवला होता. सलाईन डाव्या हाताला. ताप उतरायचा, चढायचा. डॉक्टरनं विचारलं, "सूज आधीपासून होती का? बाही घालत होतात का?" धाकटी म्हणाली, "कसली बाही?" थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

ताप उतरला त्या सकाळी पिशवीवाली आली. खांद्याला तीच पिशवी. खाटेजवळ उभी राहून तिनं धाकटीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "माहेराहून कधी आलात? गुरुवारी वाट बघितली तुमची. बाहीच्या मापासाठी."

थोरलीच्या हातात सफरचंद आणि सुरी होती. सुरी थांबली.

धाकटीनं पिशवीवालीकडं बघितलं. मग थोरलीकडं. बराच वेळ. मग म्हणाली, "निरोप मिळाला होता ताई. मलाच जमलं नाही."

पिशवीवाली आणखी थोडा वेळ बसली आणि गेली. धाकटीनं तोंड भिंतीकडं केलं. जेवण आलं, तिनं खाल्लं नाही. नर्स आली, गोळ्या देऊन गेली. थोरलीनं कापलेलं सफरचंद ताटलीत काळं पडलं.

"माहेर कुठं राहिलंय मला?" भिंतीकडं तोंड करूनच धाकटी म्हणाली. "आई गेल्यापासून तिकडं कुत्रं विचारत नाही. दुसरं काहीही सांगायचं होतं तुम्ही."

"जिभेवर आलं ते बोलले."

"का पण? मी काय केलं तुमचं?"

थोरली ताटलीकडं बघत बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर. पंखा, खुर्ची, पोरगी, खांदे, ती मास्तरची नक्कल. "आणि त्या बैठकीत तू सगळ्यांची नावं घेतलीस. माझं घेतलं नाहीस."

धाकटी वळली. ती आठवत होती, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं.

"सुचलंच नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? जेवण येतं, धुतलेले कपडे येतात, गोठा चालतो. ते कुणी करतंय असं वाटतच नाही जाऊबाई. सूर्य उगवतो तसं वाटतं."

थोरलीला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"म्हणून तुम्ही हेवा केलात? याचा?" धाकटीनं सुजलेला हात उशीवरून जरासा उचलला.

"हो. लाज वाटते, पण हो. याचाच."

धाकटी विचित्रसं हसली. "आणि मला काय होतं ते सांगू? भिंतीपलीकडून धारेचा आवाज येतो रोज. कानावर उशी दाबून पडते मी. लाथाडी तुम्हाला लाथ मारते ना, तेव्हा मनात म्हणते, मार, आणखी एक मार. त्या दिवशी तिनं तुमच्यासाठी पान्हा सोडला, मला घास गिळेना. एवढी एकच गोष्ट राहिली होती माझी. तीही नेलीत आणि वर जेवताना तीन-तीनदा सांगितलीत."

"म्हणून गेलीस गोठ्यात?"

"मग काय देवदर्शनाला गेले होते?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कान टवकारून ऐकत होती. थोरलीनं उठून मधला पडदा ओढला.

"काळं पडलंय," ताटली पुढं करत ती म्हणाली.

"द्या," धाकटी म्हणाली. "चव तीच असेल."

संध्याकाळी थोरली स्वतःहून मागच्या केंद्रात गेली. पिशवीवाली रुमालांच्या घड्या घालत होती.

"ती माहेरी नव्हती," थोरली दारातूनच म्हणाली. "घरातच होती. मी खोटं बोलले."

"खाट वाजलेली ऐकली होती मी," पिशवीवाली म्हणाली. तिनं हातातली घडी बाजूला ठेवली. "मला वाटलं, त्यांनाच भेटायचं नसेल. पुष्कळांना नको असतं आम्ही आलेलं. म्हणून पुन्हा फोन केला नाही. करायला हवा होता. ती चूक माझी."

ती रागावेल, म्हणून थोरली तयारी करून आली होती. आता त्या तयारीचं काय करावं ते तिला कळेना.

"आत नातेवाइकांची बैठक चाललीय," पिशवीवाली म्हणाली. "बोलायलाच पाहिजे असं काही नाही. बसा नुसत्या."

आत गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. कुणी नवरा, कुणी बहीण, कुणी म्हातारा बाप. एक गवंडी आपल्या बायकोबद्दल काहीतरी सांगत होता. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. वर पंखा होता. नंतर तिला गवंड्याचं पहिलं वाक्य आठवत होतं, दुसरं नाही. जाग आली तेव्हा खोली रिकामी होती, तिच्या अंगावर कुणाची तरी चादर होती आणि कुणीतरी खुर्च्या उचलताना आवाज होऊ नये म्हणून त्या एकेक करून हळूच नेऊन ठेवत होतं. तिला कुणीही उठवलं नव्हतं.

सूज ओसरल्यावर माप घेणाऱ्या माणसाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यानं मनगटापासून काखेपर्यंत जागोजाग फीत लावून माप घेतलं आणि नंतर तयार बाही आणली, कातडीच्या रंगाची, दिसायला एवढीशी. "ही रोज सकाळी घालून द्यावी लागेल," तो म्हणाला. "एकट्यानं जमत नाही सुरुवातीला. घरचं कोण शिकणार?"

"माझी पुतणी," असं म्हणायला धाकटीनं तोंड उघडलं होतं. मग ती थांबली. "यांना शिकवा," ती म्हणाली.

थोरलीनं बाही हातात घेतली तर तिच्या तळव्यांच्या भेगांत बाहीचे धागे अडकायला लागले. माप घेणाऱ्यानं तिला रबरी हातमोजे दिले. बाही ओढायची नाही, सरकवायची. कुठं सुरकुती राहू द्यायची नाही. पहिल्यांदा ती कोपरातच अडली. थोरलीनं दात-ओठ खाऊन जोर लावला.

"हळू!" धाकटी ओरडली. "दावं ओढताय का?"

"तूच हात ताठ धरलायस!"

"मग कसा धरू?"

"ढिला सोड. असा. माझ्यावर टाक त्याचं ओझं."

धाकटीनं हात ढिला सोडला. तो थोरलीच्या तळहातावर आला. गरम होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. थोरलीनं तो खालून धरला आणि बाही तळव्यानं वर सरकवत नेली, मनगट, कोपर, दंड, काखेपर्यंत. माप घेणारा म्हणाला, "जमलं."

घरी परतल्यावर गोठ्यातली कामं नव्यानं वाटली. थोरल्याकडं शेण आलं. तो कुरकुरत का होईना, काढायला लागला. लाथाडी कधी पान्हा सोडायची, कधी लाथ मारायची. लाथेचा आवाज झाला की भिंतीपलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, आणि थोरली गायीखालून ओरडायची, "हसू नकोस, ऐकतेय मी!"

एका सकाळी धार जरा लांबली. थोरली हात धुऊन, हातमोजे घेऊन खोलीत आली, तर मुलगी धाकटीसमोर बसलेली आणि तिच्या मांडीवर बाही.

"मी घालते आज," मुलगी म्हणाली. "तुला उशीर झाला म्हणून."

"ठेव ती."

"अगं मला येतं, आई. तू घालताना रोज बघते मी."

"तुझी नखं बघ केवढी आहेत. धागा निघेल. ऊठ."

"काकू, तूच सांग हिला."

धाकटी दोघींच्या मधे हात पुढं करून बसली होती. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "ज्याला घालायची त्यानं घाला, चहा निवतोय माझा."

थोरलीनं मुलीच्या मांडीवरून बाही उचलली. मुलगी उठली, पण गेली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली. थोरलीनं धाकटीचा हात खालून तोलून धरला आणि बाही सरकवायला लागली. बोटांनी सुरकुत्या बाहेर काढत ती वर वर जात होती आणि धाकटी तिला रात्री पडलेलं कसलंसं स्वप्न सांगत होती. मधेच थोरलीनं मान वर केली. चौकटीत उभ्या असलेल्या पोरीचा खालचा ओठ दाताखाली गेलेला होता आणि ती त्या दोघींच्या हातांकडं बघत होती. ते बघणं थोरलीनं ओळखलं. आत कुठंतरी तिला पोरीची दयाही आली.

पण बाही तिनं सोडली नाही.